ताजं करणं

त्या घरात 'शिळं' हा शब्द कुणी उच्चारत नसे. शिवी एक वेळ चालायची. बाबा कामावरून येताना दोन-चार शिव्या बरोबर घेऊनच यायचा, आणि आत्या त्याला "बाहेर झटकून ये" एवढंच म्हणायची. पण कालच्या भाताला कुणी शिळा भात म्हटलं, की तिच्या हातातला डाव जागच्या जागी थांबायचा.

त्याऐवजी घराचा स्वतःचा एक शब्द होता: ताजं करणं. काल उरलेला भात आज परतला, की भात ताजा केला. वाळलेला पाव दुधात बुडवून तव्यावर भाजला, की पाव ताजा झाला. उकडलेले बटाटे उरले तर कुस्करून सुपात जायचे. सूप उरलं तर दुसऱ्या दिवशी त्यात भात जायचा. तेही उरलंच, तर आत्या त्यात पीठ कालवून तव्यावर जाड चकत्या भाजायची. त्या चकत्यांत मुळात काय होतं हे ओळखायचा खेळ बाबा आणि त्याची मुलगी चिमी जेवताना खेळायचे.

"बटाटा!" चिमी म्हणायची.

"चूक," बाबा डोळे मिटून चावत म्हणायचा. "हा सोमवार आहे."

आत्याही हसायची. पदार्थ संपला आणि भांडं कोरडं झालं, की तिला झोप चांगली लागायची.

हा शब्द आत्याच्या आईचा. ती दोन्ही मुलं घेऊन एका खोलीत राहायची, आणि शेजारच्या खोलीत आणि त्यांच्या खोलीत एक फळ्यांची भिंत होती. पलीकडची बाई कान लावून बसायची आणि सकाळी मोठ्याने विचारायची, "काय गं, आज काय? कालचंच का?" तेव्हा आई त्याहून मोठ्या आवाजात मुलांना सांगायची, "चला, बसा रे, ताजं करतेय!" तवा चरचरला की पलीकडची गप्प व्हायची. ती खोली सुटली, आई लवकर गेली. शब्द तेवढा राहिला. आत्याने लग्न केलं नाही. धाकट्या भावाला, म्हणजे बाबाला, तिनेच वाढवलं, आणि तो शब्दही त्याच्याबरोबर वाढवला.

चिमीची आई या घरात नवी आली तेव्हा पहिल्याच सकाळी तिने सहज विचारलं होतं, "हा भात शिळा आहे का?" सगळ्यांचे घास हातात राहिले. बाबाने टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला. पुढे तीही शिकली. धुलाईच्या कारखान्यात दिवसभर चादरींना इस्त्री करून ती दमून यायची, आणि दारातूनच विचारायची, "ताई, काय ताजं केलंय?"

बाबा वेल्डर होता. अंगाने दणकट. एका उन्हाळ्यात त्याच्या दंडांवर न लागता काळेनिळे डाग उठायला लागले, जिना चढताना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. रक्ताचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, उपचार आहे, पण कडक आहे. पुरता झाला तर माणूस उठून कामाला लागू शकतो. घरातल्या सगळ्यांनी त्या शेवटच्या वाक्याला घट्ट धरून ठेवलं.

औषधाच्या पहिल्या फेरीनंतर त्याला घरी सोडायचं होतं, त्या दिवशी चिमीची आई कामावर होती. वॉर्डातल्या सिस्टरने आत्याला समोर बसवलं.

"मावशी, नीट ऐका. या औषधाने यांच्या अंगातली लढणारी ताकद काही दिवस अगदी संपल्यासारखी होणार. तुम्हाला-मला ज्याने नुसतं पोट दुखेल, ते यांच्या जिवावर बेतेल. बाहेरचं काही द्यायचं नाही. कच्चं द्यायचं नाही. सगळं ताजं."

"आमच्याकडे ताजंच असतं," आत्या ताठ होत म्हणाली.

"रोज?"

"दोन्ही वेळा. मी स्वतः करते."

सिस्टर हसली. "असं घर मिळायला नशीब लागतं."

आत्याने ते वाक्य बक्षिसासारखं घरी आणलं. संध्याकाळी आईने विचारलं, "काय काय सांगितलं त्यांनी?"

"बाहेरचं नाही, कच्चं नाही. ताजं द्यायचं."

"मग काय, देतोच की," आई म्हणाली, आणि तिने चपला काढल्या.

कुणी कुणाला फसवलं नव्हतं. सिस्टरने जे सांगायचं ते सांगितलं, आत्याने जे ऐकू आलं ते ऐकलं.

आणि बाकीच्या बाबतीत आत्याने तिळभरही कसूर केली नाही. बाबाची ताटली, वाटी, चमचा उकळत्या पाण्यात घालून वेगळा ठेवायची. पाणी उकळून गार करायची. चिमी शाळेतून आली की आधी साबण, मग बाबा. खालच्या मजल्यावरची बाई प्रेमाने सूप घेऊन आली, तर आत्याने तिला दारातूनच परत पाठवलं. "राग मानू नका, पण त्याला बाहेरचं चालत नाही." ते सूप बाईने नुकतंच चुलीवरून उतरवलं होतं, झाकणाच्या कडेने वाफ येत होती.

पंचाईत एवढीच होती की बाबा खात नव्हता.

"तोंडात खिळे धरल्यासारखं लागतं गं ताई," तो म्हणायचा. दोन घास खाऊन ताटली सरकवायचा. आत्या उरलेलं झाकून ठेवायची, ताजं करायची, पुन्हा समोर आणायची. तो पुन्हा सरकवायचा. त्याचे दंड बघता बघता आत्याच्या दंडांएवढे झाले. आई कामावर जाताना दारात थांबून आत्याकडे बघायची, आणि खाली उतरायची. खात नाही तर पुढची फेरी सोसणार कशी, हा प्रश्न घरात दिवसभर सगळ्यांबरोबर फिरायचा.

मग एका दुपारी बाबा आपणहून बोलला. "ताई, आई करायची तशा भाताच्या टिकिया करशील?"

आत्याला काय करू नि काय नको असं झालं.

या टिकिया आजच्या भाताच्या होत नाहीत. आजचा भात ओला असतो, कुस्करला की त्याची खळ होते. भात एक रात्र बसावा लागतो. फ्रीजमध्ये ठेवला तर दाणा ताठतो आणि टिकी फुटते. म्हणून आत्याची आई तो शेगडीशेजारी, उबेला, झाकून ठेवायची. आत्याने तसंच केलं. त्याच दुपारी मुद्दाम जास्तीचा भात लावला आणि पातेलं झाकून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं. दिवस उकाड्याचे होते. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, आणि चिमी हात धुऊन तयार होती.

"मी करू?"

"तूच कर. तुझा हात लहान आहे, छान गोल होतील." आत्याने तिला स्टुलावर उभं केलं. आत्याला शिकवायला मनापासून आवडायचं, आणि चिमीला शिकायला. "आधी हाताला पाणी लाव. हं. आता दाबू नकोस, नुसता गोंजार. मांजराच्या पिल्लाला धरतो ना, तसं."

"पिल्लू पळालं तर?"

"पळालं तर बाबाच्या पोटात जाईल."

भाताला वास नव्हता, तार सुटली नव्हती. आत्याने नाकाशी धरून बघितलं होतं, दोन दाणे चिमटून बघितले होते. चिमीने टिकिया गोल केल्या, आत्याने तेलात सोडल्या, आणि दोन्ही बाजूंनी लाल होईपर्यंत हलवल्या नाहीत. सगळं व्यवस्थित होतं.

बाबाने एक खाल्ली. थांबला. दुसरी उचलली. मग तिसरी. आत्या त्याच्या जबड्याकडे बघत होती, जणू तो जबडा काही वाचून दाखवतोय.

"आईच्या हातची आहे," बाबा म्हणाला.

"माझ्या हातची आहे!" चिमी ओरडली.

"मग तर आणखी एक आण." तो उशीला टेकला आणि आत्याला म्हणाला, "तू ना ताई, मेलेल्यालासुद्धा ताजं करशील."

"गप रे, काहीही बोलतोस," आत्या म्हणाली. पण तिने तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. मोडलेली एक टिकी चिमीने खाल्ली. आत्याने मुद्दामच घेतली नाही. सगळ्या त्याच्यासाठी होत्या.

उन्हं कलायच्या आत बाबाला उलट्या सुरू झाल्या. चिमीलाही एकदा झाली, पण ती लगेच खेळायला लागली. बाबाच्या थांबेनात. आई कामावरून आली तेव्हा त्याला थंडी वाजत होती आणि हात लावला तर अंग भाजत होतं. सिस्टरने बजावलं होतं, ताप आला की क्षणभर थांबायचं नाही. चिमीला खालच्या बाईकडे सोडून दोघी त्याला घेऊन गेल्या.

एक तरुण डॉक्टर धावत आला. नळ्या लावता लावता त्याने विचारलं, "काय खाल्लं होतं यांनी?"

"घरचंच," आत्या म्हणाली.

"ताजं?"

"ताजंच. आमच्याकडे दुसरं नसतं."

"नक्की? नीट आठवून सांगा."

"अहो, मीच करते. उकळती, भाजलेली वस्तू. त्याच्या डोळ्यांदेखत तव्यावरून उतरलेली."

डॉक्टरने आईकडे बघितलं. आईने मान डोलावली. मग त्याने तो विषय सोडला आणि दुसरीकडे शोधायला लागला. दंडातल्या नळीतून काही गेलं असेल का, औषधाचंच काही असेल का. अशा तापाला ते जे औषध आधी देतात, ते सुरू केलं.

दुसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही. बाबाला काचेच्या आतल्या खोलीत हलवलं. आई घरी जाऊन चिमीला घेऊन आली. मुलीने बाबाला काचेतून तरी बघावं, असं तिच्या मनात आलं, आणि असं का मनात आलं हे तिने स्वतःला विचारलं नाही. तिघी बाकावर बसल्या होत्या. डॉक्टर पुन्हा आला. त्याच्या डोळ्यांवरून तो घरी गेलेला दिसत नव्हता.

"घरात आणखी कुणाला त्रास झाला होता का?" त्याने विचारलं.

"मला एक उलटी झाली," चिमी म्हणाली.

"तू काय खाल्लं होतंस?"

"टिकी. मीच केल्या होत्या. बाबाने चार खाल्ल्या."

"कसल्या?"

"भाताच्या."

"भात कधी शिजवला होता?"

"आदल्या दिवशी दुपारी. पण आम्ही ताजा केला होता."

डॉक्टर तिच्यासमोर उकिडवा बसला. आवाज अगदी हळू करून त्याने विचारलं, "ताजा केला म्हणजे काय गं?"

चिमीला हे येत होतं. तिने शाळेत उत्तर द्यावं तसं न अडखळता सांगितलं. "काल उरलेलं असतं ना, ते आज उकळायचं नाहीतर भाजायचं. मग ते ताजं होतं. टिकियांना भात रात्रभर ओट्यावर ठेवावा लागतो, फ्रीजमध्ये नाही. नाहीतर फुटतात."

आत्या शेजारीच बसली होती. जन्मभर वापरलेला शब्द तिने पहिल्यांदाच परक्या जागी, परक्या माणसासमोर ऐकला, आणि तो तिला घरातल्यासारखा ऐकू आला नाही. आपण काल काय उत्तर दिलं, हे तिला आत्ता कळलं. तिने काही बोलायला तोंड उघडलं. डॉक्टर तोवर उठून आत पळाला होता.

औषध बदललं. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला आणि भिंतीला टेकून उभ्याउभ्याच सांगायला लागला. भात गार होताना, उबेत राहिला की, त्यात एक जंतू वाढतो. तो विष सोडतो. वासाने कळत नाही, चवीने कळत नाही. उकळला, भाजला, तरी ते विष मरत नाही. जंतूची बीजंसुद्धा तग धरतात. धडधाकट माणसाचं एखाद-दोन उलट्यांवर भागतं. "यांच्या अंगात लढायलाच कुणी नाही. ते रक्तात शिरलंय. आणि आपण जे औषध देत होतो, त्याला हा जंतू दाद देत नाही."

"हे काल कळलं असतं तर?" आईने विचारलं.

"आता योग्य औषध चालू आहे," एवढंच म्हणून डॉक्टर गेला.

चिमी काचेला नाक लावून उभी होती. आई आत्याकडे न बघता म्हणाली, "त्यांनी काल विचारलं होतं तुम्हाला."

"मी खरं तेच सांगितलं गं."

"हो. तेच तर." आईने दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले, इस्त्रीच्या वाफेने तिची बोटं कायमची लाल असायची. "मीही मान डोलावली ना. मी तुमच्यात आले तेव्हा मला या शब्दाचा अर्थ माहीत होता, ताई. तुमच्यात राहून विसरले."

आठवडा सरायच्या आत बाबा गेला.

माणसं आली, बसली, गेली. घर रिकामं झाल्यावर आई आत्याला म्हणाली, "काही दिवस तुम्ही ओट्याशी येऊ नका." आवाज चढवला नाही.

"बरं," आत्या म्हणाली. ती पुढच्या खोलीत भिंतीशी बसू लागली. स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज यायचे. आई स्वयंपाकाला सरावलेली नव्हती. काही ना काही करपायचं. आत्या हलायची नाही.

आणि चिमी जेवायची बंद झाली. घास तोंडात घ्यायची, धरून ठेवायची आणि मोरीत जाऊन थुंकायची. आई म्हणाली, बाबाची आठवण येत असेल. खालची बाई म्हणाली, पोरं दोन दिवसांत विसरतात. आत्या दोन्ही ऐकत होती, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. चिमी सारखी हात धूत होती. कशाला हात लावला नाही तरी धूत होती. तिचे तळवे सोलवटल्यासारखे झाले होते. त्या हातांना काय शिकवलं गेलं, हे आत्याएवढं कुणाला माहीत होतं?

ती उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि उंबऱ्याबाहेरच खाली बसली. आत आई बटाटे उकडत होती. चिमी टेबलाशी होती, हात फ्रॉकखाली लपवून.

"मी आत येत नाही," आत्या आईला म्हणाली. "पोरीशी बोलू दे फक्त."

आई वळली नाही. नाहीही म्हणाली नाही.

"चिमी, इकडे बघ. टिकिया तू केल्यास म्हणून बाबा गेला, असं वाटतं ना तुला?"

चिमीने मान खाली घातली. आईचा हात पातेल्यावर थांबला.

"टिकियांनी काही झालं नाही, असं मी तुला सांगणार नाही," आत्या म्हणाली. "तुला मोठेपणी कळेलच. त्या भातानेच झालं. पण तुझ्या हाताने काही केलं नाही. तुझ्या हाताने मी सांगितलं तेवढंच केलं, आणि ते चांगलं केलं. मीच चुकीचं शिकवलं."

"तुला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"तुला कोणी शिकवलं होतं?"

"माझ्या आईनं."

"आणि तिला?"

"तिला कुणी नाही. आम्हाला भूक लागायची, आणि तिच्याकडे तेवढंच असायचं."

"मग चूक कोणाची?"

"माझी. सिस्टरने ताजं म्हटलं तेव्हा मी विचारायला हवं होतं, तुमचं ताजं म्हणजे कसं. विचारलं नाही. मला वाटलं, मला सगळं येतं." तिने डोळ्यांना हात लावला नाही, मुलीने शब्द ऐकावेत, रडणं नाही, एवढं तिला त्या वेळीही कळत होतं. "आता बरोबर सांगते, ते लक्षात ठेव. शिजवलेलं उरलं, तर वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये. लवकर संपवायचं. बाहेर राहिलं, तर टाकून द्यायचं. आणि आजारी माणसाला आत्ताचं शिजवलेलं, आत्ताच."

"टाकून द्यायचं?" चिमीने मान वर केली. हा शब्द तिने आत्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"हो."

आईने पातेल्यातून एक बटाटा काढला, उभ्याउभ्या सोलला, मीठ लावलं आणि ताटली चिमीसमोर ठेवली. बटाटा इतका गरम होता की तिच्या बोटांवरही वाफ येत होती. चिमीने फ्रॉकखालून हात काढले. त्यांच्याकडे बघितलं. मग एक तुकडा तोडून तोंडात टाकला. भाजला म्हणून तोंड उघडं ठेवून हुश्श हुश्श केलं, आणि गिळला. दुसरा तुकडा घेतला. निम्मा बटाटा खाऊन तिने ताटली सरकवली.

उरलेला निम्मा ताटलीत तसाच होता, पांढरा, कडेला बोटांची खूण असलेला. एरवी कुठल्याही दिवशी तो आत्याने उचलून वाटीत झाकून ठेवला असता. उंबऱ्याबाहेर बसल्या बसल्या तिचा हात आपोआप पुढे झाला. तिने तो ओढून घेतला आणि दुसऱ्या हाताने मनगटाशी धरून ठेवला.

आईने ते बघितलं. मग तिने ताटली उचलली आणि कचऱ्याच्या डब्यावर उपडी केली. धप् असा आवाज झाला, आणि आत्याचे खांदे त्या आवाजासरशी आखडले.

"आई," चिमी म्हणाली, "अजून एक सोल ना."